पाटोडी रस्सा आणि वहीतला ‘सांबार’

प्रश्न : सासूबाईंच्या वहीत पाटोडी रश्श्याची कृती एवढीच आहे : ‘1 वाटी बेसन, पाणी अंदाजाने, सांबार, मसाला नेहमीचा.’ तीनदा करून पाहिली. पाटोड्या रश्श्यात फुटतात आणि रस्सा कडवट लागतो. सांबार म्हणजे सांबार मसालाच ना? माहेर पुण्याचं. – एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : सांबार मसाल्याचा डबा आधी बंद करा! विदर्भात सांबार म्हणजे कोथिंबीर. सांबारवडीत भरतात तीच.

पाटोडी फुटते ती पीठ कच्चं राहिल्यामुळे. 1 वाटी बेसन दीड वाटी पाण्यात गुठळी न ठेवता कालवा. 2 चमचे तेलात जिरं, हिंग, वाटलेलं लसूण-मिरची आणि हळद घालून त्यावर हे ओता. मीठ घालून मंद आचेवर हलवत राहा. गोळा जमला की झाकण ठेवून 5 मिनिटं वाफ द्या. गोळा चकाकला, कढई सोडू लागला आणि ओल्या बोटाला चिकटला नाही की शिजला. तेल लावलेल्या ताटात बोटाच्या पेराएवढा जाड थापा, वर सांबार पेरा. पूर्ण गार झाल्यावरच कापा. पाटोड्या रश्श्यात उकळायच्या नाहीत. वाढताना ताटलीत ठेवून वरून कढत रस्सा घालायचा.

कडवटपणासाठी तीन जागा तपासा : करपलेली खसखस, जास्त पडलेलं दगडफूल, जळालेला लसूण. चौघांच्या रश्श्याला नखाएवढं दगडफूल पुरे. खसखस शेवटी, गॅस बंद करून, कढईच्या उष्णतेवरच भाजा. सुकं खोबरं आधी चाखून घ्या. खवट असेल तर कितीही मसाला घाला, चव सुधारत नाही. कांदा-खोबऱ्याचं वाटण तेल सुटेपर्यंत परता. तिखट घालताना आच अगदी कमी हवी, नाहीतर तेही जळतं. मग कढत पाणी घाला, तर्री वर येईल.

सासूबाईंची ती वाटी घरात असेल तर शोधा. पाणी भरून मोजा आणि आकडा वहीतच लिहून ठेवा. घरोघरच्या वाट्या सारख्या नसतात, ‘अंदाज’ त्या वाटीचा असतो.

प्रश्न : ‘मसाला नेहमीचा’ म्हणजे सावजी मसाला का? – त्याच वाचक

उत्तर : तसंच असेल असं नाही. सावजी जेवण नागपूरच्या हलबा कोष्टी, म्हणजे विणकर समाजाच्या घरांतलं. शेजारच्या घरचा मसाला वेगळा असू शकतो. घरच्या जुन्या माणसांना एकच विचारा : मसाल्यात खोबरं कुटायचे की रस्सा करताना वाटायचे? वाटत असतील तर कोरडा मसाला खोबऱ्याशिवाय करा, जास्त टिकेल.