आधी अलाइनर की थेट व्हिनिअर? दात बनवणाऱ्याच्या बाजूने

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वरचे पुढचे दात वाकडे, मधल्या दाताशेजारचा डावीकडचा दात पहिल्यापासून बारीक, एका दाताचा कोपरा तुटलेला, आणि पलीकडच्या एका दातावर जुनी कॅप. फोंड्यातले डॉक्टर म्हणतात, सहा व्हिनिअर लावू, पंधरवड्यात काम संपेल. पणजीतले म्हणतात, आधी अलाइनरने, म्हणजे दात थोडे थोडे सरकवणाऱ्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या ट्रेने, दात रांगेत आणू, मग बाकीचं बघू. फेब्रुवारीत घरात भावाचं लग्न आहे. कोणाचं ऐकायचं?

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. मडगावात एका डेंटल लॅबमध्ये सिरॅमिकचं काम करतो. दवाखान्यांतून मापं येतात, त्यावर आम्ही कॅप, ब्रिज, व्हिनिअर बनवतो. तोंडात काय दुखतं ते मला कळत नाही, पण कोणता दात किती घासला गेलाय ते मॉडेलवर रोज दिसतं, आणि ते पेशंटला कधीच दिसत नाही. तेवढ्या अनुभवावर मी पणजीच्या डॉक्टरांच्या बाजूचा आहे, पण एका अटीवर. अट खाली येईल.

घासण्याचा हिशोब बघा. व्हिनिअर म्हणजे दाताच्या दर्शनी भागावर चिकटवायचं सिरॅमिकचं पातळ कवच. त्याला साधारण अर्धा मिलिमीटर जाडी लागते. समोरच्या दातावरचं इनॅमल, म्हणजे बाहेरचं कठीण आवरण, टोकाकडे मिलिमीटरभर असतं, हिरडीकडे जाता जाता खूपच पातळ होतं. दात रांगेत असेल तर ही जागा इनॅमलमध्येच निघते, कधी जवळजवळ घासावंच लागत नाही. पण तोच दात रांगेच्या दीड मिलिमीटर पुढे आला असेल, तर तो दीड आणि कवचाचा अर्धा असे दोन मिलिमीटर काढायचे. इनॅमल कधीच संपलं, आतलं डेंटिन उघडं पडलं. व्हिनिअरची पकड इनॅमलवर जितकी पक्की बसते तितकी डेंटिनवर बसत नाही. थंड-गरम झोंबायला लागतं, आणि नस जवळ आली तर रूट कॅनल. इनॅमल पुन्हा उगवत नाही, त्यामुळे हा व्यवहार एकदाच होतो.

आत गेलेल्या दाताची गोष्ट उलटी. तिथे घासायला फारसं नसतं, पण रांगेत दिसावा म्हणून सिरॅमिक जाड करावं लागतं. हिरडीपाशी फुगवटा येतो, तिथे अन्न अडकतं, हिरडी लाल राहते. फिरलेल्या दाताला दोन्ही त्रास एकदम: एक कोपरा घासा, दुसरा भरा. आणि दात एकमेकांवर चढलेले असतील तर मुळात रुंदीच नाही. साडेपाच दातांच्या जागेत सहा दात बसवायला आमच्याकडे माप येतं, वर चिठ्ठी असते ‘नॅचरल लूक’. चौकट वाकडी असताना दारच रंधून बसवायचा हा प्रकार. बसतं, पण कसं ते घरातल्यांना माहीत असतं.

हिरडीची रेषा हा आणखी एक मुद्दा, आणि तो दवाखान्यात फार कमी बोलला जातो. दात हाडात वर-खाली सरकला की त्याच्याबरोबर हिरडीची कडही सरकते. व्हिनिअरने ती सरकत नाही. हसताना हिरडी दिसत असेल तर एक दात आखूड आणि एक लांब, ही तक्रार कितीही सुंदर सिरॅमिक लावलं तरी तशीच उरते.

आता अट. अलाइनर सुरू करण्याआधी शेवटचे दात कसे दिसणार ते ठरलेलं हवं. ऐकायला उलटं वाटेल, पण काम तसंच करायचं असतं. तुमच्या बारीक दातामुळे तर हे टाळताच येणार नाही. वरचा मधला दात सरासरी साडेआठ मिलिमीटर रुंद, त्याच्या शेजारचा साडेसहाच्या आसपास. तुमचा बारीक दात समजा पाच मिलिमीटरचा आहे. त्याला नीट आकार द्यायचा तर दीड मिलिमीटर जागा त्याच्या दोन बाजूंना मिळून रिकामी ठेवायला हवी. फक्त ‘दात सरळ करा’ एवढंच सांगितलं, तर ज्याने ट्रेचा आराखडा केला तो सगळ्या फटी बंद करून टाकतो. रांग सुरेख दिसते, ट्रे संपतात, माप आमच्याकडे येतं, आणि बारीक दात रुंद करायला जागाच नसते. असं माप आलं की दोनच वाटा उरतात: शेजारचे निरोगी दात घासा, नाहीतर पेशंटला पुन्हा ट्रे घालायला लावा. दोन्ही निरोप पेशंटला सांगायची पाळी डॉक्टरांवर येते, आणि त्या दिवशी फोनवरचा आवाज वेगळाच असतो.

म्हणून पणजीच्या डॉक्टरांना विचारायचं ते असं: शेवटच्या ट्रेमध्ये माझा बारीक दात नेमका कुठे उभा आहे, आणि त्याच्या कोणत्या बाजूला किती जागा सोडली आहे? अलाइनरचा आराखडा कॉम्प्युटरवर होतो, दात सरकताना पडद्यावर दिसतात. मिलिमीटरमध्ये उत्तर मिळालं पाहिजे. त्या आराखड्यावर किंवा साध्या प्लॅस्टरच्या मॉडेलवर मेणाने भावी दात उभे करून बघता येतात. त्याला आम्ही वॅक्स-अप म्हणतो. तुमचे व्हिनिअर जे डॉक्टर करणार आहेत त्यांनी तो बघून मान हलवल्याशिवाय ट्रे छापायला पाठवू नयेत. अलाइनर एकाकडे आणि व्हिनिअर दुसऱ्याकडे करणार असाल, तर दोघांचं एकमेकांशी बोलणं करून द्यायचं काम तुमचंच, हे गृहीत धरा.

वॅक्स-अपमध्ये फक्त समोरून बघू नका. खालचे दात वरच्या दातांच्या मागच्या बाजूला कुठे टेकतात तेही बघायचं. चावा खोल असेल आणि खालचे दात वरच्यांच्या टोकाशी घासत असतील, तर सिरॅमिकचा कोपरा उडतो. तुमचा जो कोपरा तुटलाय तो बहुधा असाच उडाला असावा, निदान विचारून तरी घ्या. खालचे दात अलाइनरने थोडे खाली नेले की वर भरायला जागा मिळते. नाहीतर तुटलेल्या कोपऱ्यावर लावलेलं कॉम्पोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं भरण, पुन्हा पुन्हा पडत राहतं.

वेळेचा अंदाज स्वतः बांधता येतो. एका ट्रेमध्ये दात साधारण पाव मिलिमीटर सरकतो, फिरवायचा असेल तर एक-दोन अंश. ट्रे आठवड्याने किंवा दोन आठवड्यांनी बदलायचा. म्हणजे तीस अंश फिरलेल्या दाताला निदान पंधरा ट्रे, म्हणजेच साडेतीन ते सात महिने. शिवाय शेवटी थोडे दुरुस्तीचे ट्रे लागतातच. हे सगळं दिवसाला २० ते २२ तास ट्रे तोंडात असेल तर. जेवताना काढायचे, चहालाही काढायचे. गरम चहाने प्लॅस्टिक वाकतं. सोलकढी, कोकम सरबत, लिंबू सोडा हे ट्रे घालून घोट घोट पिऊ नका. आंबट पाणी ट्रेच्या आत दातांना चिकटून राहतं, लाळ तिथे पोचत नाही. ज्या इनॅमलसाठी आपण हा उपद्व्याप करतोय तेच विरघळायचं. जेवणाबरोबर सोलकढी प्या, चूळ भरा, मग ट्रे घाला.

बारीक दाताची आणखी एक अडचण असते. निमुळता असल्यामुळे ट्रेला तो धरता येत नाही, ट्रेच्या टोकाशी फट दिसायला लागते आणि पुढचे ट्रे बसत नाहीत. म्हणून काही डॉक्टर ट्रेसाठी दातांचं माप घेणाऱ्या स्कॅनच्या आधीच त्याला तात्पुरतं कॉम्पोझिट लावून थोडा रुंद करतात. मला ही पद्धत आवडते. तुटलेला कोपराही तेव्हाच तात्पुरता भरून घ्या. काहीही भरायचं ते स्कॅनच्या आधी. मध्येच दाताचा आकार बदलला तर पुढची ट्रेची थप्पी वाया जाते आणि नव्याने स्कॅन करावा लागतो.

जुन्या कॅपचंही तसंच. ती गळत असेल, खाली कीड असेल, तर आधी काढून कीड साफ करायची, गरज असल्यास रूट कॅनल करायचं आणि त्यावर तात्पुरती कॅप घालून मग स्कॅन. रूट कॅनल झालेला दातही सरकतो, त्याची भीती नको. कायमची कॅप मात्र शेवटी, म्हणजे रंग आणि आकार बाकीच्यांशी जुळवता येतो. कॅप चांगली असेल तर राहू द्या. फक्त दातावर ट्रेच्या पकडीसाठी जे छोटे उंचवटे चिकटवतात ते सिरॅमिकवर नीट टिकत नाहीत, एखाद-दुसऱ्यांदा पडले तर वैतागू नका. ब्रिज किंवा इम्प्लांट असेल तर ते आधीच सांगा. ब्रिजचे दात एकमेकांना बांधलेले असतात, आणि इम्प्लांट हाडाला जखडलेला असल्याने तो कधीच सरकत नाही. हिरडीतून रक्त येत असेल तर या सगळ्याच्या आधी हिरड्या.

दात सुटे होऊन सरळ झाले की मोठ्या माणसांत बऱ्याचदा दोन दातांमध्ये हिरडीजवळ काळा त्रिकोण दिसायला लागतो. आधी दात एकमेकांवर चढलेले असल्याने तो झाकलेला असतो, म्हणून लोक घाबरतात, उपचार बिघडला म्हणतात. तसं नाही. व्हिनिअर किंवा कॉम्पोझिट करताना दोन दातांचा स्पर्श थोडा हिरडीकडे उतरवला की तो झाकला जातो. सरळ करण्याचं काम आधी असण्याचा हा एक फायदाच.

अलाइनर संपल्यावर लगेच माप देऊ नका. दात थोडे स्थिर होऊ द्या. पांढरे करायचे असतील तर तेव्हा करा, कारण सिरॅमिक ब्लीच होत नाही. दातांचा रंग आधी ठरायला हवा, आम्ही त्याला जुळवतो. ब्लीचनंतर साधारण दोन आठवडे थांबायचं. रंग त्या काळात बसतो, आणि दातात राहिलेला ऑक्सिजन निघून गेल्याशिवाय चिकटवण्याचं रसायन नीट पकडत नाही. घाईत पाठवलेली शेड आणि नंतर ‘थोडी पिवळी वाटते’ ही तक्रार, दोन्ही आमच्या टेबलावर येतात.

शेवटचे दात लागले की नवा रिटेनर, म्हणजे दात परत सरकू नयेत म्हणून घालायचा ट्रे, करून घ्यायचा. जुना बसणार नाही, दातांचा आकार बदललाय. आणि रिटेनर रात्री घालायचा तो कायमचा. हे आधीच मान्य नसेल तर अलाइनरवर पैसे घालू नका.

लग्नाचं म्हणाल तर ट्रे काढता येतात, विधी आणि फोटोंपुरते काढून ठेवा. उंचवटे दाताच्या रंगाचे असतात, कोणी तोंडात डोकावल्याशिवाय दिसत नाहीत. दात फेब्रुवारीत अर्ध्या वाटेवर असतील, ते असू देत. एका दिवसाच्या फोटोसाठी सहा दात घासून घेणं मला तरी पटत नाही.

पण फोंड्याचे डॉक्टर चुकीचेच आहेत असंही मी म्हणणार नाही, मी तुमचं तोंड बघितलेलं नाही. वाकडेपणा जेमतेम असेल तर काहीच न घासता बारीक दात आणि तुटलेला कोपरा कॉम्पोझिटने भरून काम होतं; त्याला ना अलाइनर लागतो ना व्हिनिअर. उलट दात फार फिरलेला असेल, विशेषतः गोलसर सुळा, तर पारदर्शक ट्रेचा हट्ट सोडून काही महिने ताराच (ब्रेसेस) लावलेल्या बऱ्या. आणि कोणी एक्स-रे न काढता, घरी माप घेऊन ट्रे पोस्टाने पाठवतो म्हणालं तर नको. अमेरिकेतली अशीच एक मोठी कंपनी, स्माइलडायरेक्टक्लब, २०२३ च्या डिसेंबरात बंद पडली आणि कित्येकांचे उपचार अर्धवट राहिले.

दोन मतांत निवड होत नसेल तर बांबोळीला गोवा डेंटल कॉलेजात जा. सरकारी आहे, वेळ काढून जावं लागतं, पण दात सरकवणारे आणि दात बनवणारे दोन्ही विभाग एकाच छपराखाली आहेत आणि तिथल्या कोणाला तुम्हाला व्हिनिअर विकायचे नाहीत. जाताना दोन्ही डॉक्टरांचे एक्स-रे बरोबर न्या. जुन्या कॅपच्या दाताचं रूट कॅनल झालंय की नाही ते इथे लिहिलंत तर त्या दातावर कोणती कॅप घालावी यावर वेगळं लिहीन.