चवथीआधी विंडोज 11 च्या भानगडीत पडू नका

भाऊ, तुम्ही लिहिलंय: सातव्या पिढीचा आय-5 लॅपटॉप, विंडोज 10, जुना यूएसबी इंटरफेस (माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारी डबी) आणि चवथीपूर्वी, म्हणजे गणेश चतुर्थीपूर्वी, घुमट आरत्या (घुमट या मातीच्या, चामडं ताणलेल्या तालवाद्यावरच्या) रेकॉर्ड करायच्या. दुकानदार म्हणतो, विंडोज 11 टाकून देतो. माझं मत विचाराल तर आत्ता नको.

तुमचा प्रोसेसर विंडोज 11 च्या अधिकृत यादीत बसत नाही. इंटेलमध्ये ती साधारण आठव्या पिढीपासून सुरू होते. दुकानदार तपासणी चुकवून टाकेल, चालेलही, पण पुढच्या अपडेटची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला हे खरं, तरी नोंदणी केली तर सुरक्षा अपडेट 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत मिळतात. 2026 ची चवथ सप्टेंबरातच, म्हणजे त्या मुदतीच्या आत आहे.

हा शहाणपणा मी एकदा केला आहे. गोव्यातल्या म्हार्दोळहून वादक येणार, त्याच्या आदल्या रात्री अपग्रेड! सकाळी गाणं लावलं, स्पीकर वाजले, मी निर्धास्त. रेकॉर्डिंगला बसल्यावर कळलं की विंडोजने आपलाच साधा ड्रायव्हर लावलाय आणि इंटरफेसचा आसिओ ड्रायव्हर (आवाज कमीत कमी उशिराने नेणारा) गायब आहे. बफर, म्हणजे आवाजाचे नमुने (सॅम्पल) साठवून पुढे पाठवायचा टप्पा, 512 च्या खाली नेला की चरचर. तो जितका मोठा तितका आवाज उशिरा. 44.1 किलोहर्ट्‌झला 128 सॅम्पल म्हणजे सुमारे 3 मिलिसेकंद, 512 म्हणजे जवळजवळ 12, आणि जाऊन-येऊन त्याच्या दुपटीहून थोडं जास्तच. आलाप घेणारा ते एकवेळ निभावून नेईल, घुमटवाला नाही. स्वतःची थाप हेडफोनमध्ये उशिरा आली की हात अडखळतो. (इंटरफेसला डायरेक्ट मॉनिटरिंग, म्हणजे लॅपटॉपमधून न फिरता आवाज थेट हेडफोनमध्ये देण्याची सोय, असेल तर वाचाल. माझ्याकडे नव्हतं.) त्यात पावसाळी हवा. शेकून ताणलेलं चामडं मी ड्रायव्हर शोधेपर्यंत पुन्हा सैल. शामेळवाल्याने (शामेळ म्हणजे घुमटाच्या साथीचं तालवाद्य) तीन चहा घेतले आणि घड्याळ बघायला लागला.

तेव्हा आत्ता फक्त एवढंच करा: रेकॉर्डिंगच्या दिवशी वायफाय बंद, अपडेट थांबवलेले, पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर. लॅटन्सीमॉन (लॅपटॉप आवाज वेळेत हाताळतो का ते तपासणारं सॉफ्टवेअर) दहा मिनिटं चालवून लाल पट्टी येते का ते पाहा.

चवथीनंतर हात शिवशिवत असतील तर नवीन एसएसडी घ्या, तिच्यावर प्रयोग करा आणि जुनी डिस्क जशीच्या तशी कपाटात ठेवा. विंडोजची मागे फिरायची सोय सहसा 10 दिवसांचीच असते, तिच्या भरवशावर राहू नका. त्याआधी प्लगइनचे (रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरला जोडायच्या वाद्यांचे, इफेक्टचे) परवाने डिअ‍ॅक्टिव्हेट करा आणि जुन्या प्रोजेक्टचा प्रत्येक ट्रॅक प्रोजेक्टच्या शून्य सेकंदापासून वेव्ह फाइलमध्ये काढून ठेवा. तुमचा तो हार्मोनियमचा प्लगइन 32-बिट असेल, तर विंडोजपेक्षा आधी रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरची नवी आवृत्तीच त्याला नाकारेल. अशाच सॉफ्टवेअरपैकी क्यूबेसने 2016 मध्येच असे प्लगइन सोडले. रीपर अजून चालवतो.

इंटरफेसच्या खाली स्टिकर असतो, त्यावरचं मॉडेल इथे लिहा. विंडोज 11 साठी ड्रायव्हर निघालाय का ते पाहून सांगतो.