वाचकांचे प्रश्न : पदपथ काढला की रस्ता माणसांचा होतो का?

प्रश्न : आमच्या बाजारपेठेत समोरासमोरच्या दुकानांमध्ये जेमतेम आठ मीटर अंतर आहे. पदपथ तोडून सगळा रस्ता एका पातळीत आणायचा आणि माणसं-गाड्या एकत्र चालू द्यायच्या, असा प्रस्ताव आला आहे. गाड्या आपोआप हळू होतील, असं सांगतात. खरंच होतात का? (सिंधुदुर्ग जिल्ह्यातून)

उत्तर : नुसता पदपथ काढून होत नाहीत. कल्पना मूळची नेदरलँड्सची. तिथल्या राहत्या गल्ल्यांतल्या 'वूनेर्फ'ला, म्हणजे माणसं-गाड्या एकत्र चालणाऱ्या रस्त्याला, १९७६ साली कायद्याची मान्यता मिळाली. पुढे हान्स मॉन्डरमन या वाहतूक अभियंत्याने ड्राख्टेन शहरातल्या गजबजलेल्या चौकातले सिग्नल काढून ती आणखी पुढे नेली. पण तिथे पदपथ काढण्याआधी गाड्यांचा वेग पाडण्याची तजवीज केलेली असते. आपल्याकडे उलटं होतं. आधी पदपथ जातो, वेगाचं 'नंतर बघू' राहतं, आणि मोकळ्या झालेल्या जागेत दुचाक्या लागतात.

पहिली अट गाड्यांच्या संख्येची. ब्रिटनच्या २००७ सालच्या सरकारी मार्गदर्शिकेत असा रस्ता गर्दीच्या तासाला १०० गाड्यांच्या आत चांगला चालतो, असं म्हटलं आहे. त्याच्या वर गेलं की माणसं रस्त्यात रेंगाळायची सोडून तो घाईने ओलांडायला लागतात. तेव्हा आठवडी बाजाराच्या दिवशी सकाळी दहाला कोपऱ्यावर उभं राहून पंधरा मिनिटं गाड्या मोजा आणि आकड्याला चारने गुणा. तीनशे आले तर बाहेरची वाहतूक आधी दुसरीकडून वळवावी लागेल. एसटीचा मार्ग त्याच गल्लीतून असेल, तर हा विषय तिथेच थांबवा.

दुसरी अट वेगाची. ताशी ३० कि.मी. वेगाची गाडी कोरड्या रस्त्यावर थांबायला साधारण १४ मीटर घेते, २० च्या वेगाची ८ मीटर. पावसात दोन्ही आकडे वाढतात. पेठेतून पळत बाहेर आलेलं पोर आठ मीटरवर वाचतं, चौदावर नाही. म्हणून पेठेच्या दोन्ही तोंडांना ७५ ते १०० मि.मी. उंचीचा, माथ्यावर सपाट असा चढ हवा. आत शिरताना चालकाच्या बुडाला कळलं पाहिजे की हा आता वेगळा रस्ता आहे. सरळ लांब पट्टा मात्र पुन्हा वेग वाढवतो. म्हणून ३०-४० मीटरवर झाड, बाक किंवा दुचाकींची रांग घालून मार्ग थोडा वळवा.

आठ मीटरचं गणित असं बसतं : दोन्ही बाजूंना १.८ मीटर चालण्याची पट्टी, मध्ये ४.४ मीटर. दोन मोटारी हळू जाऊन एकमेकींना वाट देऊ शकतात. टेम्पो-मोटार समोरासमोर आली की मात्र अडतं. म्हणून माल उतरवायची वेळ सकाळी नऊच्या आत ठरवून घ्यावी. आणि १.८ म्हणजे मोकळी १.८. दुकानाची पायरी, फलक, कुलर, लोंबतं ताडपत्रीचं टोक हे सगळं वगळून.

प्रश्न : फरसबंदीचे पेव्हर ब्लॉक पहिल्याच पावसाळ्यात खचले. ठेकेदार पावसाला दोष देतो.

उत्तर : पाऊस दरवर्षी येतो, हे ठेकेदारालाही ठाऊक असतं. एक कोपरा उचलून बघा. वर ६० मि.मी.चा ब्लॉक आहे का? तो पायी चालणाऱ्यांसाठी ठीक, टेम्पो जाणार तिथे ८० मि.मी. हवा. ब्लॉकखाली ३० मि.मी.च्या आसपास जाडसर, धुतलेल्या वाळूचा थर असतो. समुद्राची बारीक गोल वाळू घातली, तर ती घट्ट बसत नाही, पाण्याबरोबर सांध्यांतून निघून जाते, आणि मिठाचे पांढरे डाग वर येतात ते वेगळे. तिसरं कारण म्हणजे कडेला काँक्रीटचा बांध नसणं. बांध नसला की अख्खी फरसबंदी गटाराच्या दिशेने सरकते. रचना माशाच्या काट्यासारखी तिरकी ठेवली, तर चाकांचा जोर वाटला जातो. सरळ ओळींत तो एकाच सांध्यावर येतो.

त्याहून महत्त्वाचं पाणी. पदपथाची कड ही आतापर्यंत पाण्याचीही वाट होती. ती काढलीत की आषाढातलं पाणी दुकानात शिरतं. मध्यापासून कडेला १ : ४० उतार द्या. २.२ मीटरला तो साडेपाच सें.मी. होतो. चालण्याच्या पट्टीच्या कडेने उथळ पन्हाळ करून पाणी झाकलेल्या गटारात सोडा. जाळीच्या फटी १३ मि.मी.च्या आत ठेवा आणि त्या चालण्याच्या दिशेला आडव्या असू द्या, नाहीतर काठी आणि सायकलचं चाक अडकेल. शोभेसाठी जांभा वापरायचा तर कडेच्या बाकांना वापरा. चाकाखाली तो झिजतो, आणि सावलीत शेवाळ धरला की मे महिन्यात सुंदर दिसलेला पृष्ठभाग जुलैत माणसं पाडतो.

प्रश्न : वडील अंध आहेत, काठीच्या आधाराने एकटे बाजारात जातात. पातळी एकच झाल्यावर त्यांनी काय करायचं?

उत्तर : या पद्धतीवरचा सर्वांत खरा आक्षेप हाच. चालकाशी नजरानजर होऊन मार्ग ठरतो, हे गृहीतक डोळे असलेल्यांचं आहे. याच तक्रारीवरून ब्रिटन सरकारने २०१८ साली समतल पद्धतीच्या नव्या योजना थांबवायला सांगितलं. उपाय सोपा आहे : कड पूर्ण काढूच नका. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या चाचण्यांत ६० मि.मी.ची कड काठीला आणि पायाला भरवशाने कळते, असं दिसलं. चाकाच्या खुर्चीसाठी ओलांडण्याच्या जागी १ : १२ चा उतार द्या. ६० मि.मी.ला तो ७२ सें.मी. लांबीचा होतो. दिशा सांगणाऱ्या उभ्या रेघांच्या आणि 'थांबा' सांगणाऱ्या ठिपक्यांच्या फरश्या पिवळ्या घ्या, तांबड्या रस्त्यावर अंधुक दिसणाऱ्यालाही त्या उठून दिसतात. काम झाल्यावर वडिलांना सोबत घेऊन ती ओळ चालून बघा. विजेच्या खांबात जाऊन संपणारी ओळ कुठेही सापडते.

प्रश्न : वर्षभरात एकही अपघात नाही, म्हणून योजना यशस्वी झाली असं जाहीर केलं. पटत नाही.

उत्तर : पटू नये. छोट्या गावाच्या एका गल्लीत आधीही वर्षाला एखादाच नोंदला जात असेल. शिवाय म्हाताऱ्या माणसांनी भीतीने तिकडे जाणंच सोडलं, तरी अपघात कमी होतात! म्हणून या गोष्टी मोजा, काम सुरू होण्याआधी आणि नंतर :

वेग. ३० मीटर अंतर खडूने आखून मोबाइलच्या घड्याळावर वेळ घ्या. १०८ ला सेकंदांनी भागा, ताशी वेग येतो. ५.४ सेकंद म्हणजे २०, ३.६ म्हणजे ३०. शंभर गाड्यांचे वेग चढत्या क्रमाने मांडून ८५ वा बघा, म्हणजे शंभरातल्या पंच्याऐंशी गाड्या ज्या वेगाच्या आत राहतात तो. सरासरी फसवी असते.

वाट कोण देतं. माणूस आणि गाडी समोरासमोर येण्याचे पन्नास प्रसंग नोंदवा. किती वेळा गाडी थांबली, किती वेळा माणूस मागे हटला?

कोण येतं. एका तासात येणाऱ्यांत साठीच्या पुढचे, लहान मुलं, काठीवाले किती, हे रेघा ओढून मोजा. आधीपेक्षा घटले असतील, तर योजना फसली.

मोजणी एकाच दिवसाची नको. साधा दिवस, बाजाराचा दिवस, मे महिन्यातला पर्यटकांचा शनिवार आणि भर पावसातली एक सकाळ घ्या. आधीचा आकडा मे महिन्याचा आणि नंतरचा जुलैचा घेऊन तुलना केली, तर गाड्या पावसाने कमी झाल्या की रस्त्याने, हे कळणार नाही.