चेन सॉ घेताना : स्वस्त मशीन की नावाजलेली कंपनी?

पावसाळा तोंडावर आला की झाड कापायच्या मशीनबद्दल विचारणा सुरू होते. या खेपेला आलेले तीन प्रश्न एकाच मुद्द्याभोवती फिरतात, म्हणून उत्तर एकत्रच देतो. गोराईचे एक बागायतदार विचारतात : "नागदेवी स्ट्रीटला 58 सीसीचे मशीन सहा-सात हजारांत मिळते, कंपनीच्या लहान मशीनलाही वीस हजारांच्या आसपास मोजावे लागतात. वर्षातून चार-पाच वेळा पडलेला माड, आंब्याची फांदी कापायची असते. कोणते घेऊ?" मढचे काही तरुण छाटणीची कामे अंगावर घेतात, त्यांचाही प्रश्न हाच. आरेतल्या एका पाड्यावरच्या ताईंनी मात्र स्वस्त मशीन आधीच घेतले आहे. ते पावसाळ्यानंतर सुरू होईना आणि झाले तरी रेस देताच बंद पडते, अशी त्यांची तक्रार आहे.

आधी "चायना मशीन" या शब्दाने होणारा घोटाळा बाजूला करू. स्टिल या जर्मन कंपनीचा स्वतःचा कारखाना चीनमध्ये चिंगदाओला आहे, त्यामुळे माल कुठे बनला यावरून निवड करू नका. बाजारात स्वस्तात मिळते ते बहुतेक जुन्या, पेटंट संपलेल्या मॉडेलांच्या धर्तीवर बनवलेले मशीन असते. स्वतःच्या नावाने विकले जाते तोवर त्यात फसवणूक नाही. फसवणूक असते ती नावाजलेल्या कंपनीचा रंग आणि स्टिकर लावून विकलेल्या डुप्लिकेटमध्ये. ते कोणत्याच किमतीला घेऊ नका, कारण त्यामागे ना कंपनी उभी असते ना दुकानदार. मशीनच्या अंगावर कोरलेला नंबर, जीएसटीचे पक्के बिल आणि त्यावर तोच नंबर, एवढे जुळले तरच पैसे द्या.

आता सीसीचा आकडा. स्वस्त मशीनवर 5200, 5800 असे ठळक छापलेले असते, पण तो मॉडेलचा नंबर आहे. माहितीपत्रक काढून सिलिंडरचा बोअर (आतला व्यास) आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) पाहा. बोअर 45.2 मिमी आणि स्ट्रोक 34 मिमी असेल तर गणित 54.6 सीसीच येते, स्टिकर काहीही म्हणो. त्यापेक्षाही महत्त्वाचे म्हणजे गोराईच्या बागेला एवढ्या मोठ्या मशीनची गरजच नाही. माडाचे खोड साधारण फूटभर जाड. त्याला 30-35 सीसीचे मशीन आणि 14 किंवा 16 इंची पट्टी, म्हणजे जिच्याभोवती चेन फिरते ती, पुरते. स्टिलचे एमएस 180 हे 31.8 सीसीचे, पट्टी-चेन सोडून वजन सुमारे 4 किलो. 58 म्हणून विकले जाणारे मशीन त्याहून बरेच जड, आणि त्याला बहुधा 20-22 इंची पट्टी लावून देतात. लांब पट्टीचे टोक कुठे टेकते हे नवख्या माणसाला दिसत नाही. टोकाचा वरचा कोपरा लाकडाला लागला की मशीन क्षणात तोंडाकडे उसळते. चेन सॉचे गंभीर अपघात मोठ्या प्रमाणात असेच होतात.

म्हणून बागायतदारांना माझे मत स्पष्ट सांगतो : मोठ्या स्वस्त मशीनपेक्षा कंपनीचे लहान मशीन घ्या. पैसे कमी असतील आणि पाना-पेचकस हातात धरायची सवय असेल, तर वर्षातून चार-पाच वेळच्या कामाला स्वस्त मशीनही चालेल. त्याचे कार्ब्युरेटर, प्लग, दोरी सगळीकडे आणि स्वस्तात मिळते, ही त्याची खरी जमेची बाजू. पण दुकानातच दोन गोष्टी तपासून घ्या. मशीन सुरू करून, अर्धी रेस देऊन पुढच्या मुठीसमोरचा ब्रेकचा दांडा मनगटाने पुढे ढकला. चेन जागच्या जागी थांबली पाहिजे. रेस सोडल्यावर चेन फिरत राहता कामा नये. यातले एक जरी चुकले तर ते मशीन परत ठेवा, दुकानदार कितीही सवलत देवो. घरी आणल्यावर सायलेन्सरचे आणि कार्ब्युरेटरचे नट-बोल्ट आवळा, आणि सोबत आलेली चेन काढून चांगल्या कंपनीची चेन घाला. पिच (चेनच्या दुव्यांमधले अंतर, 3/8 किंवा .325 इंच असे लिहिलेले असते), जाडी आणि दात मोजूनच घ्या, नुसते "बावीस इंची द्या" म्हणून चालत नाही. माडाचे लाकूड तंतूचे आणि सिलिका असलेले, चेन फार लवकर बोथट करते. भुसा मैद्यासारखा बारीक पडू लागला की थांबा आणि कानस मारा. 3/8 लो-प्रोफाइल चेनला 4 मिमीची गोल कानस लागते, .325 ला 4.8 मिमीची. बोथट चेन दाबून चालवल्याने जितकी मशीन जळतात, तितकी कमी दर्जामुळे जळत नसतील. झावळ्या उतरवायला मात्र कोयताच बरा, माडावर चेन सॉ घेऊन कोणी चढू नये.

मढच्या तरुणांसाठी उत्तर थोडक्यात आहे. रोजची रोटी ज्या मशीनवर आहे ते नावाजलेल्या कंपनीचेच घ्या. स्टिल, हुस्कवर्ना, एको, कोणतेही घ्या, पण ज्याचा दुरुस्तीचा मिस्त्री तुमच्या घरापासून तासाभराच्या आत आहे ते. यांची सिलिंडरवरचा लेप, क्रँकचे बेअरिंग, हादरे शोषणाऱ्या स्प्रिंगा यांवरच जास्तीचे पैसे खर्च झालेले असतात, आणि ते दिवसाला पाच-सहा तास चालवल्यावरच कळते. सतत हादऱ्यांनी बोटे बधिर होऊन पांढरी पडू लागतात. तो त्रास जडला की पुरता जात नाही. हेल्मेट, जाळी, कानाला बोळे आणि जाड बूट यांचे पैसे मशीनच्या किमतीतच धरा.

ताईंच्या मशीनचा दोष बहुधा पेट्रोलमध्ये आहे. आता आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते, आणि मुंबईच्या पावसाळी हवेत ओलाव्याला तोटा नाही. टाकीत चार महिने पडून राहिलेल्या पेट्रोलमधले पाणी तळाला बसते, स्वस्त रबरी नळ्या कडक होऊन चिरतात. तेव्हा टाकी पूर्ण रिकामी करा, नळी आणि टाकीतला फिल्टर बदला, नवा प्लग घाला. मिश्रण ताजे करा. स्वस्त मशीनच्या पुस्तिकेत बहुतेकदा 25 ला 1 दिलेले असते, म्हणजे लिटरमागे 40 मिली चांगले टू-टी ऑइल. कंपनीच्या मशीनला 50 ला 1, म्हणजे 20 मिली. त्यानंतरही रेसला बंद पडत असेल तर कार्ब्युरेटरची जाळी आणि पडदा साफ करून घ्या. कारखान्यातून हे मशीन अनेकदा कमी पेट्रोलवर लावलेले येते, मिस्त्रीकडून कार्ब्युरेटरचा एच स्क्रू, म्हणजे जास्त रेसला पेट्रोल कमी-जास्त करणारा, थोडा मोकळा करून घ्या. सायलेन्सर काढून पिस्टन पाहायला सांगा. उभे ओरखडे दिसले तर त्यावर आणखी पैसे घालू नका, असे मी म्हणेन. आणि पट्टीला जळके इंजिन ऑइल अजिबात वापरू नका. त्यातला धातूचा कीस पट्टी आणि पंप दोन्ही खातो.

अनुदानाचे तिघांनीही विचारले आहे. अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर करता येतो, पण पूर्वसंमतीआधी घेतलेल्या यंत्राला पैसे मिळत नाहीत. चेन सॉ यादीत आहे का, कोणती मॉडेल चालतात, हे कृषी कार्यालयात विचारा आणि मगच बाजारात जा. मशीन हातात आले तरी महापालिका हद्दीत उभ्या झाडाला हात लावण्याआधी 1975 च्या झाडे संरक्षण कायद्याखाली परवानगी लागते, स्वतःच्या वाडीतल्या झाडालाही. वॉर्डाच्या उद्यान विभागात अर्ज द्या, सोबत झाडाचा फोटो जोडा, आणि परवानगीचा कागद काम चालू असताना जागेवरच ठेवा.