निवृत्तीचे ४६ लाख: सोसायटी, बाँड फंड की शेअर?

प्रश्न: मी ५२ वर्षांचा, सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. गाव बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागात. ग्रॅच्युइटी, प्रॉव्हिडंट फंड, ग्रुप इन्शुरन्स आणि कम्युटेशन (पेन्शनचा काही भाग सोडून मिळणारी एकरकमी रक्कम) मिळून ४६ लाख रुपये नुकतेच हाती आले. पेन्शन दरमहा ३३ हजार, घरखर्च ३० हजारांच्या आत. थोडी शेती आहे, भात आणि रताळी होतात. मुलीचं लग्न दीड वर्षात करायचं आहे, मुलाच्या इंजिनिअरिंगची तीन वर्षं बाकी आहेत, आणि घराची कौलं काढून स्लॅब टाकायचा आहे. गावातली सोसायटी ठेवीवर १० टक्के देते, तिथे मंडळींच्या (पत्नीच्या) नावावर २० लाख ठेवावेत असा विचार आहे. बँकेतले साहेब म्हणतात, २० लाख बाँड फंडात घाला, एफडीसारखंच असतं (त्यांनी दिलेल्या कागदाचा फोटो सोबत आहे). उरलेले भाचा मोबाइलवरून शेअरमध्ये लावून देतो म्हणतो. शेअरची मला भीती वाटते, ब्रोकर बुडाला तर शेअर जातील का? काय करावं?

उत्तर:

नमस्कार सुभेदारसाहेब,

तुम्हाला भीती वाटते शेअरची, सोसायटीची मात्र वाटत नाही, आणि बाँड फंडाला तर तुम्ही एफडीच समजून चालला आहात. तुमचा आराखडा वाचून मला नेमकी उलटी काळजी वाटली. या ४६ लाखांतला सर्वांत कच्चा दुवा सोसायटीतले २० लाख आहेत, त्यानंतर बँकेने सुचवलेला तो फंड. शेअरचा नंबर त्यानंतर लागतो, तोही भाच्याच्या मोबाइलमुळे.

आधी सोसायटी. कोणत्याही बँकेतल्या ठेवीला, मग ती सरकारी असो, खासगी असो की अर्बन को-ऑपरेटिव्ह, ठेव विमा महामंडळाचं ५ लाखांपर्यंत संरक्षण असतं. ही मर्यादा मुद्दल आणि व्याज धरून, एका बँकेतल्या एका ठेवीदारासाठी आहे आणि फेब्रुवारी २०२० पासून लागू आहे. क्रेडिट सोसायटी किंवा सौहार्द सहकारी (कर्नाटकातली तशीच सहकारी संस्था) ही बँक नाही, त्यामुळे तिथल्या एका रुपयालाही हा विमा नाही. बोर्डावर काय लिहिलंय आणि चेअरमन किती जवळचे आहेत, याने त्यात फरक पडत नाही. शिवाय ठेवीला १० टक्के द्यायचे तर सोसायटीला कर्ज १३-१४ टक्क्यांनी वाटावं लागतं. बँक ज्याला त्याहून कमी दरात कर्ज देते, तो माणूस सोसायटीच्या दारात कशाला येईल? म्हणजे तुमची ठेव बँकेने नाकारलेल्या कर्जदारांच्या हाती जाते. गावाच्या संबंधासाठी, पिग्मी (रोजची छोटी बचत) भरायला, अडीनडीला कर्ज मिळावं म्हणून लाखभर रुपये तिथे ठेवा. २० लाख नकोत. आणि ते मंडळींच्या नावावर ठेवले तरी त्यावरचं व्याज प्राप्तिकरात तुमच्याच उत्पन्नात धरलं जातं.

आता बाँड फंड. इथे जरा थांबून समजून घ्या, कारण बँकेत हे कुणी सांगत नाही.

एफडीत बँक तुम्हाला ठरलेली रक्कम देणं लागते. बाँड फंडात तुम्हाला कुणी काही देणं लागत नाही. फंडाकडे असलेल्या रोख्यांत तुमचा हिस्सा असतो आणि त्या रोख्यांचा भाव रोज बदलतो. समजा दहा वर्षांचा सरकारी रोखा १०० रुपयांचा आहे आणि वर्षाला ७ रुपये व्याज देतो. उद्या बाजारात तशाच नव्या रोख्यावर ८ टक्के मिळू लागले, तर तुमच्या ७ वाल्याला १०० कोण देईल? तो साधारण ९३ रुपयांना विकला जाईल. दर ६ वर आला तर तोच रोखा १०७ च्या आसपास जातो. सरकार बुडालेलं नाही, व्याजही चुकलेलं नाही, तरी भाव हलतो.

किती हलेल, हे कळण्यासाठी फंडाच्या महिन्याच्या फॅक्टशीटवर (माहितीपत्रकावर) एकच आकडा शोधा: मॉडिफाइड ड्युरेशन. बाजारातला दर १ टक्का वर गेला की एनएव्ही (फंडाच्या एका युनिटचा भाव) साधारण तेवढे टक्के खाली येते. बँकेने दिलेल्या ज्या कागदाचा फोटो तुम्ही पाठवला, त्यावर हा आकडा ७.२ आहे. म्हणजे २० लाखांवर १ टक्क्याच्या वाढीला सुमारे १ लाख ४४ हजारांचा खड्डा. फंडात थांबलात तर पुढच्या वाढीव व्याजाने तो हळूहळू भरतो, पण त्याला वर्षं लागतात. तुम्हाला दीड वर्षात हॉल, जेवणावळ आणि दागिन्यांचे पैसे द्यायचे आहेत.

दर एवढे हलत नाहीत असं वाटत असेल तर मागे वळून बघा. रिझर्व्ह बँकेने मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर (ज्या दराने ती बँकांना कर्ज देते) ४ वरून ६.५० टक्क्यांवर नेला. मग २०२५ मध्ये तो टप्प्याटप्प्याने ५.२५ पर्यंत उतरवला. रेपो उतरला म्हणजे दहा वर्षांचा दरही उतरतोच असं नाही, तो बाजार ठरवतो. दर उतरतात तेव्हा लांब मुदतीच्या फंडाचा परतावा फुगतो, आणि विक्रीच्या कागदावर नेमका तोच आकडा ठळक छापलेला असतो. त्याऐवजी यील्ड टू मॅच्युरिटी (फंडातले रोखे मुदतीपर्यंत ठेवले तर मिळणारा वार्षिक दर) बघा आणि त्यातून खर्चाचं प्रमाण वजा करा. पुढच्या काळात साधारण काय मिळू शकेल याचा तोच प्रामाणिक अंदाज. बँकेमार्फत घेतलेला फंड रेग्युलर प्लॅनचा असतो, त्यात वितरकाचं कमिशन असतं. तोच फंड डायरेक्ट प्लॅनमध्ये (वितरकाशिवाय, थेट फंड कंपनीकडून) घेतला आणि खर्च ०.६ टक्क्याने कमी पडला, तर १० लाखांवर वर्षाला ६ हजार वाचतात. बाँड फंडात मुळात मिळणारच ६-७ टक्के, त्यामुळे ही गळती शेअर फंडापेक्षा जास्त बोचते.

दुसरा धोका कर्जदाराचा. २०१८ मध्ये आयएल अँड एफएस या बड्या वित्त कंपनीने पैसे थकवले तेव्हा अनेक बाँड फंडांना झळ बसली. २३ एप्रिल २०२० ला फ्रँकलिन टेम्पल्टन या फंड कंपनीने एकदम सहा कर्जरोखे योजना बंद केल्या. त्यांत कमी पतीचे, पटकन विकता न येणारे रोखे होते आणि पैसे परत मागणाऱ्यांची रांग लागली. लोकांना नंतर पैसे मिळाले, पण हप्त्याहप्त्याने आणि वाट बघून. म्हणून फॅक्टशीटवर ट्रिपल ए (सर्वांत वरच्या पतीचे) आणि सरकारी रोखे मिळून ९० टक्क्यांच्या वर आहेत का, ते बघा. ‘क्रेडिट रिस्क’ नावाच्या प्रकाराकडे वळूच नका. त्यात किमान ६५ टक्के पैसा खालच्या पतीच्या रोख्यांत घालावा लागतो, असा नियमच आहे.

मग बाँड फंड कुणी घ्यावा? ज्याचा खर्च नक्की आहे पण तारीख नक्की नाही, त्याने. तुमच्या घराचा स्लॅब हे अगदी चपखल उदाहरण. गवंडी कधी मिळेल, वाळूचा दर कधी परवडेल, सांगता येत नाही. एफडी मध्येच मोडली तर साधारण अर्धा ते एक टक्का दंड बसतो. फंडातून आज ८० हजार, पुढच्या महिन्यात दीड लाख असं हवं तेव्हा काढता येतं, फक्त एक्झिट लोड (लवकर पैसे काढल्यावर कापली जाणारी रक्कम) नाही ना, ते आधी पाहा. यासाठी शॉर्ट ड्युरेशन प्रकार बरा. त्यातल्या रोख्यांची सरासरी मुदत एक ते तीन वर्षं असते, दर हलला तरी खड्डा छोटा पडतो.

तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, जी ना बँकेने मोजली ना भाच्याने. तुमचं पेन्शन. वर्षाला जवळपास ४ लाख, त्यावर महागाई भत्ता वाढत जातो, आणि ओआरओपीमुळे (समान पद, समान पेन्शन) दर पाच वर्षांनी फेरआढावा होतो (शेवटचा जुलै २०२४ पासून लागू). ७ टक्क्यांनी एवढं उत्पन्न मिळवायला ५६-५७ लाखांची ठेव लागली असती. एवढा मोठा सरकारी बाँड खिशात असताना उरलेला सगळा पैसाही व्याजातच अडकवायची गरज नाही. घरखर्च पेन्शनमध्ये भागतो आणि दवाखान्याला ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) आहे, म्हणून काही रक्कम शेअरमध्ये दहा वर्षं विसरून जाणं तुम्हाला परवडतं. मात्र तुमच्या पश्चात कुटुंब पेन्शन कमी होते, हेही लक्षात असू द्या. त्यासाठीच खाली पोस्टाच्या योजनेला मोठा वाटा दिला आहे.

मी अशी वाटणी करीन. ३ लाख बचत खात्यात आणि छोट्या एफडीत, अडीअडचणीला. लग्नाचे ८ लाख दोन वेगळ्या बँकांत ४-४ लाखांच्या एफडीत, मुदत लग्नाच्या दोन महिने आधी संपेल अशी. मुलाच्या फीसाठी दीड-दीड लाखाच्या तीन एफडी, एकेक दर वर्षी फी भरायच्या सुमारास मोकळी होणारी. १५ लाख पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत. ५.५ लाख स्लॅबसाठी शॉर्ट ड्युरेशन फंडात. आणि १० लाख शेअरसाठी.

ज्येष्ठ नागरिक योजना ५२ व्या वर्षी कशी, असं मनात येईल. सैन्यातून निवृत्त झालेल्यांना ती पन्नाशीनंतर खुली आहे. पण साठीच्या आत खातं उघडायचं तर निवृत्तीची रक्कम मिळाल्यापासून ठरावीक मुदतीत पैसे भरावे लागतात, आणि ही मुदत मोजकीच असते. म्हणून बाकी सगळं बाजूला ठेवून आधी हे काम करा. पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), डिस्चार्ज बुक आणि रक्कम जमा झाल्याचा पुरावा घेऊन बेळगावच्या हेड पोस्ट ऑफिसला जा. एप्रिल २०२३ पासून दर ८.२ टक्के आहे. खातं उघडताना जो दर असेल तो पाच वर्षं बदलत नाही. १५ लाखांवर दर तिमाहीला ३०,७५० रुपये बचत खात्यात येतील. वर्षाच्या आत मोडलं तर व्याज मिळत नाही, दुसऱ्या वर्षात मोडलं तर मुद्दलातून दीड टक्का आणि त्यानंतर एक टक्का कापतात. लग्नाचे पैसे यात घालू नका, ते याच कारणाने.

आता शेअर. ‘सध्या बाजार वर आहे, थांबू का?’ हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २१ हजारांच्या घरात होता, त्याच ऑक्टोबरात ९ हजारांच्या खाली आला आणि पुन्हा २१ हजारांवर बंद व्हायला नोव्हेंबर २०१० उजाडला. २३ मार्च २०२० ला निफ्टी ७,६१० वर बंद झाला, दोनच महिन्यांपूर्वी तो १२ हजारांच्या वर होता. हे कुणाला आधी कळलं नव्हतं, पुढेही कळणार नाही. म्हणून १० लाख आधी लिक्विड फंडात (अगदी कमी मुदतीच्या रोख्यांच्या फंडात) ठेवा आणि त्याच फंड कंपनीच्या निफ्टी ५० इंडेक्स फंडात (निफ्टीतल्या ५० कंपन्यांचे शेअर घेणाऱ्या फंडात) दरमहा ५० हजार एसटीपीने, म्हणजे आपोआप हस्तांतराने, सरकवा. २० महिन्यांत काम पुरं होईल. सुटे शेअर निवडायच्या भानगडीत आत्ताच पडू नका. आणि मंडळींना आजच सांगून ठेवा की या १० लाखांचे कधीतरी ६ लाख दिसतील आणि तेव्हा विकायचं नाही.

ब्रोकर बुडाला तर शेअर जातील का, असंही तुम्ही विचारलंय. शेअर ब्रोकरकडे नसतात, सीडीएसएल किंवा एनएसडीएलकडे तुमच्या डिमॅट खात्यात असतात. त्यांच्याकडून ईमेलवर येणारं एकत्रित स्टेटमेंट ब्रोकरच्या अॅपमधल्या आकड्यांशी ताडून पाहत जा.

भाचा चांगल्या मनाचा असेल, पण तो नेमकं काय लावतो ते विचारा. फ्युचर्स-ऑप्शन्स (शेअरच्या पुढच्या भावावरचे सौदे) असेल तर सरळ नाही म्हणा. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासात, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत यात उतरलेल्या १०० पैकी ९३ वैयक्तिक ट्रेडर तोट्यात गेले होते. लॉगिन, टीपिन (डिमॅटमधून शेअर विकायला लागणारा पिन) किंवा ओटीपी त्याच्या हाती देऊ नका. तोटा झाला तर पैसेही जातात आणि बहिणीच्या घरचं येणंजाणंही तुटतं.

कराचं थोडक्यात. पेन्शन, पोस्ट आणि एफडी मिळून तुमचं उत्पन्न ६ लाखांच्या आसपास राहील, नव्या कररचनेत १२ लाखांपर्यंत कर शून्य होतो. एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या बाँड फंडाचा नफा साध्या उत्पन्नात धरला जातो, त्यामुळे तोही या सवलतीत बसतो. शेअर फंडाचं वेगळं आहे: वर्षभरानंतर विकला तर सव्वा लाखापर्यंतचा नफा माफ, वरच्या रकमेला १२.५ टक्के, वर्षाच्या आत विकला तर २० टक्के. या करांना १२ लाखांची सवलत लागत नाही. पोस्टाचं व्याज वर्षाला ५० हजारांच्या वर जात असल्याने टीडीएस कापला जाईल, तो रिटर्न भरून परत मिळवा.

शेवटची गोष्ट किरकोळ वाटेल, पण आपल्या भागात निम्मी केवायसी तिथेच अडकते. आधारावर नाव कानडीतून आलेलं, पॅनवर मराठीतून, सैन्याच्या कागदांवर तिसरंच. एकीकडे चौगुले, दुसरीकडे चौगले. कुठे वडिलांचं नाव आधी, कुठे फक्त आद्याक्षर. पोस्टात जाण्याआधी आधार, पॅन, पीपीओ आणि पासबुक एका ओळीत मांडा आणि इंग्रजी स्पेलिंग अक्षर-अक्षर जुळवा. जुळत नसेल तर पॅनप्रमाणे आधार दुरुस्त करायचं की उलट, ते पीपीओवर काय आहे ते बघून ठरवा, कारण त्यावरचं नाव बदलायला सर्वांत जास्त वेळ लागतो. मंडळींचं नाव पीपीओवर जसं आहे तसंच प्रत्येक नॉमिनेशनमध्ये लिहा.