सर्व्हरवर चालतं, शेजारून जोडलं जात नाही

प्रश्न : दुकानाच्या हिशेबासाठी उबुंटू सर्व्हरवर मायएसक्यूएल ८.० हे डेटाबेस सॉफ्टवेअर बसवलं आहे. त्याच मशिनवर सगळं चालतं. शेजारच्या विंडोज संगणकावरून मात्र एरर २००३ येते, कंसात १००६१. फायरवॉलमध्ये ३३०६ पोर्ट उघडलं, तरी तेच. पुढे घरूनही डेटा पाहायचा आहे. राउटरवर हेच पोर्ट उघडावं का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : २००३ पेक्षा कंसातला आकडा बोलका आहे. १००६१ म्हणजे विनंती सर्व्हरपर्यंत पोचली, पण त्या पोर्टवर ऐकायला कुणीच नव्हतं. फायरवॉलने अडवलं असतं तर बहुधा बराच वेळ ताटकळून १००६० आला असता. म्हणून फायरवॉल आता बाजूला ठेवा.

सर्व्हरवर ‘एसएस -टीएलएन’ (कोणत्या पत्त्यावर, कोणत्या पोर्टवर ऐकलं जातंय ते दाखवणारा आदेश) चालवा. ३३०६ च्या आधी १२७.०.०.१ दिसेल, म्हणजे मायएसक्यूएल फक्त त्याच मशिनचं ऐकतं. उबुंटूत मूळ सेटिंगच तसं असतं. ‘मायएसक्यूएलडी.सीएनएफ’ फाइलमध्ये ‘बाइंड-ॲड्रेस’च्या ओळीत १२७.०.०.१ आणि सर्व्हरचा आयपी, समजा १९२.१६८.१.१०, स्वल्पविरामाने जोडून लिहा (८.०.१३ पासून चालतं). नुसता नवा आयपी लिहिलात, तर त्याच मशिनवरून १२७.०.०.१ ला जोडणारं सॉफ्टवेअर बंद पडेल. हा आयपी राउटरमध्ये कायमचा बांधून घ्या. बदलला तर मायएसक्यूएल सुरूच होणार नाही. खालची ‘मायएसक्यूएलएक्स’ची ओळ ३३०६० पोर्टची आहे, अनेक जण चुकून तीच बदलतात. मग सर्व्हिस रीस्टार्ट करा; रीलोड पुरत नाही.

आता ११३० ही एरर आली, तर खुशाल समजा की अर्धं काम झालं. तुमच्या युजरला फक्त ‘लोकलहोस्ट’वरून परवानगी आहे, एवढाच तिचा अर्थ. ‘१९२.१६८.१.%’ (म्हणजे दुकानातल्या नेटवर्कचा कुठलाही संगणक) या होस्टसाठी ‘क्रिएट युजर’ने वेगळा युजर काढा, मग ‘ग्रँट’ने फक्त हिशेबाच्या डेटाबेसचे अधिकार द्या. ८.० मध्ये ‘ग्रँट’ स्वतः युजर बनवत नाही; जुन्या पद्धतीचे आदेश इथेच अडतात. रूटला, म्हणजे सर्वाधिकारी युजरला, ‘%’ (कुठूनही परवानगी) देऊ नका. १०४५ आली तर युजरचं नाव किंवा पासवर्ड तपासा.

घरून पाहण्यासाठी ३३०६ अजिबात उघडू नका. सर्व्हरवर वायरगार्ड व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारी सुरक्षित खासगी वाट) बसवा. राउटरवर एकच यूडीपी पोर्ट, सहसा ५१८२०, लागेल. आधी राउटरचा वॅन आयपी (इंटरनेटच्या बाजूचा पत्ता) बघा. तो १००.६४ ते १००.१२७ ने सुरू होत असेल, तर पोर्ट उघडूनही काही पोचणार नाही; इंटरनेटवाल्याकडून स्टॅटिक आयपी घ्यावा लागेल. व्हीपीएनमधून येताना तुमचा आयपी वेगळा असतो, म्हणून त्या पट्ट्यासाठीही युजर काढा, नाहीतर पुन्हा ११३०.