म्हशी लक्षात राहतात, फिजिक्स नाही

"मॅडम, ह्यो रात्री एक वाजेपर्यंत पुस्तक घेऊन बसतोय. पण पेपरात काय बी आठवत नाही म्हणतोय. डोक्याचं एखादं टॉनिक असतंय काय?"

कोल्हापूरकडच्या एका गावातून आलेली आई. शेजारी बारावी सायन्सचा मुलगा, मान खाली. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.) "वाचलेलं लक्षात राहत नाही" ही तक्रार परीक्षा जवळ आली की माझ्याकडे रोजचीच. टॉनिकचं उत्तर "नाही" असं आहे, ते आधीच सांगून टाकते.

पहिल्या भेटीत मी नेहमीचं सगळं विचारलं. डोळे तपासलेत का, लहानपणी वाचा-लिहायला त्रास होता का, मन उदास असतं का, झोप किती. गडबड झोपेत सापडली. पहाटे साडेचारला धारा काढायला उठायचं आणि रात्री एकला झोपायचं. मी छान रंगीत वेळापत्रक करून दिलं आणि दहाला झोपायला सांगितलं. पंधरा दिवसांनी तो परत आला. वेळापत्रक इमानेइतबारे पाळलं होतं, डोळ्यांखालची काळी वर्तुळं कमी झाली होती, मार्क मात्र होते तिथेच. आधीच्या चार पोरांना लागू पडलेलं मी याच्यावर चिकटवलं होतं, दुसरं काही नाही.

मग त्याचं पुस्तक मागितलं. द्रवांवरचा धडा पिवळ्या हायलायटरनं असा रंगवलेला, की न रंगवलेली ओळच शोधावी लागत होती.

"हे पान येतं?"

"येतंय की. सहा वेळा वाचलंय."

मी पुस्तक मिटलं आणि कोरा कागद पुढे केला. दहा मिनिटांत चार शब्द उमटले, त्यातल्या एकाचं स्पेलिंग खोडलेलं. बिचारा खोटं बोलत नव्हता. पान समोर असलं की प्रत्येक ओळ ओळखीची वाटते, आणि ओळखीचं वाटणं म्हणजेच येणं असा आपला समज होतो. लग्नात एखादा माणूस हसून समोर येतो, चेहरा पक्का माहितीचा, पण नाव काही केल्या ओठांवर येत नाही, तसलाच प्रकार.

तेवढ्यात आई वैतागून म्हणाली, "म्हशींचं विचारा, सगळं तोंडपाठ!"

तिनं टोमणा मारला होता, पण मी खरंच विचारलं. मान वर आली. कुठली कधी व्याली, कुठली नवा माणूस दिसला की पान्हा चोरते, सरकी पेंड वाढवल्यावर कुणाची फॅट किती चढली. डेअरीत गाईच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) लागतो, म्हशीच्या दुधाला ६ आणि ९. पोरगा थांबेचना. यातलं एक अक्षरही त्यानं पाठ करायला म्हणून बसून वाचलं नव्हतं.

मग राहिलं कसं? डेअरीच्या रांगेत उभा असताना तो मनाशी अंदाज बांधायचा, आज फॅट अमुक लागेल. दोन मिनिटांत स्लिप हातात. अंदाज चुकला तर का चुकला, याचा विचार घरी येईपर्यंत चालायचा. म्हणजे रोज सकाळ-संध्याकाळ त्याची परीक्षा होत होती आणि निकालही तिथल्या तिथे लागत होता. शिवाय नवीन आकडा आला की त्याला बसायला जागा तयार होती: ही म्हैस, हा चारा, हा महिना. फिजिक्सच्या वाट्याला यातलं काहीच आलं नव्हतं.

१८८५ साली हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. मुद्दाम निरर्थक अक्षरजोड्या पाठ करायच्या आणि किती वेळात किती विसरतो ते मोजायचं. तासाभरातच निम्म्याहून अधिक मेहनत वाया गेलेली दिसायची. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या या मुलाला 'डेन्सिटी', 'बॉयन्सी', 'अपथ्रस्ट' हे शब्द तसेच निरर्थक होते. 'घनता' त्यानं आठवीत शिकली होती, पण तीच ही डेन्सिटी, आणि डेअरीत लॅक्टोमीटरवर (दुधाची घनता मोजायच्या, दुधात तरंगणाऱ्या काचेच्या नळीवर) दिसणारी 'डिग्री' तिच्याच घरची, हे कुणी जोडून दिलं नव्हतं.

पुढच्या भेटीला त्याला लॅक्टोमीटर आणायला सांगितलं. सोबत गाईच्या कच्च्या दुधाच्या दोन बाटल्या: एक जसंच्या तसं, दुसरं रात्रभर ठेवून वरची मलई काढलेलं. दोन्ही एकाच तापमानाला आल्यावर उंच ग्लासात ओतली.

"आधी अंदाज लिही. मलई काढलेल्याची डिग्री चढेल की उतरेल?"

"उतरणार. पातळ झालंय न्हवं ते."

पहिल्या ग्लासात २९. दुसऱ्यात ३१. त्यानं लॅक्टोमीटर काढला, पुसला, पुन्हा सोडला. ३१च. बराच वेळ तो काचेच्या नळीकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "मलई वर येतीया म्हंजे ती हलकी. हलकं काढल्यावर उरलेलं जड." आणि लगेच, जरा मोठ्यानं, "म्हणून मलई काढून वर पाणी मारलं तर डिग्री बरोबर येतीया! डेअरीवाले नुसत्या डिग्रीवर इस्वास ठेवत न्हाईत ते ह्यासाठी!"

ही लबाडी त्याला लहानपणापासून माहीत होती. तिच्यामागचं कारण त्या दिवशी हाती लागलं. ३१ म्हणजे घनता १.०३१, पाण्याच्या जरा वर. द्रवाची घनता जितकी जास्त, तितका लॅक्टोमीटर कमी बुडतो. हे त्यानं स्वतःच वहीत लिहिलं, पुस्तक न उघडता. आणि 'घट्ट म्हणजे जड' हा त्याचा जुना समज मोडला. अनुभव शिकवतो तसा फसवतोही. म्हणूनच आधी अंदाज लिहून घ्यायचा. नाहीतर उत्तर कळल्यावर "मला वाटलंच होतं" म्हणायला आपण मोकळे.

त्यानंतर त्याची पद्धत बदलली. एकदा वाचायचं, वही उपडी ठेवायची, आठवेल ते कागदावर, मग चुका तपासायच्या. तेच पुन्हा दोन दिवसांनी आणि आठवड्यानं. सुरुवातीला त्याला हे अजिबात आवडलं नाही. "आधी येत हुतं, आता कायच येत न्हाई असं वाटतंय," म्हणायचा. त्याला रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकन संशोधकांचा २००६ सालचा प्रयोग सांगितला. चारही सत्रांत उतारा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी सुमारे ८३ टक्के आठवलं, आणि एका सत्रात वाचून पुढच्या तीन सत्रांत आठवून लिहिणाऱ्यांना ७१. आठवड्यानं मात्र वाचणारे ४० वर आणि लिहिणारे ६१ वर. आपल्याला जास्त आठवेल अशी खात्री होती ती वाचणाऱ्यांनाच.

सगळं काही दुधावर तोलता येत नाही. ऑरगॅनिक केमिस्ट्रीला म्हैस कुठून आणायची? तिथे त्याला बऱ्याच रिअॅक्शन नुसत्या लिहून-लिहूनच बसवाव्या लागल्या, आणि त्या विषयात तो आजही काठावरच आहे. पहाटेच्या धाराही सुटल्या नाहीत, घरचं गणित तसं नाही. फिजिक्समध्ये मात्र पुढच्या चाचणीला २५ पैकी १७ पडले. आधी ८ होते.

शेवटच्या भेटीला आईनं माझ्यासाठी घरच्या दुधाची बाटली आणली. मी हात पुढे केला, तर पोरानं बाटली मागे ओढली.

"आधी अंदाज सांगा मॅडम. फॅट किती असंल?"

"साडेसहा?"

त्यानं खिशातून सकाळची स्लिप काढून टेबलावर ठेवली. ७.२.

"का चुकलं, सांगा आता."